बामणोलीचा धक्का

नमस्कार श्रोतेहो. साताऱ्याहून कास ओलांडून खाली उतरलं की बामणोली येतं आणि रस्ता पाण्याशीच संपतो. समोर शिवसागर जलाशय, कोयना धरणाचा फुगवटा. पलीकडे कोयना अभयारण्य. १९८५ साली ते जाहीर झालं आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. तिथल्या वासोटा किल्ल्यावर जायचं तर वनखात्याची परवानगी काढायची आणि बोटीत बसायचं. दीडेक तासात मेट इंदवलीचा किनारा येतो. मुक्काम करता येत नाही, अंधाराच्या आत परतायचं.

आज मला बोलायचंय ते त्या बोटीत चढण्याबद्दल, आणि त्यासाठी नीट धक्का हवा याबद्दल. पावसाळा सरल्यावर जलाशय काठोकाठ भरलेला असतो, बोट वर पायऱ्यांशी लागते. पुढे पोफळीच्या वीजघराकडे पाणी जात राहतं, पातळी उतरते आणि उन्हाळ्यात किनारा कितीतरी खाली सरकतो. गेल्या मे महिन्यात आईला घेऊन गेले होते. वरून भेगाळलेली लाल माती, खाली मऊ गाळ, पुढे बोटीला टेकवलेली एकच फळी. नावाड्यानं हात पुढे केला. "आजी, पाय मधोमध ठेवा. घाई नाही." आईची चप्पल गाळातच राहिली.

काही निसर्गप्रेमी म्हणतात, धक्का झाला, सोय वाढली की गर्दी वाढेल. त्यांची काळजी खरी आहे, पण गर्दी आवरायची ती परवान्यांच्या आणि बोटींच्या संख्येनं. गाळ गर्दीला अडवत नाही, तो अडवतो म्हाताऱ्यांना, अपंगांना, लेकुरवाळ्या बाईला. शिवाय काठावरच्या गावांना लाँच म्हणजे एसटीच. आजारी माणूस, धान्याचं पोतं, सगळं पाण्यावरून येतं. धरणासाठी जमिनी दिल्या त्या याच लोकांनी. पाण्याबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का आणि त्याला कठडा असलेली रुंद फळी, एवढं त्यांना मिळायलाच हवं.

आपल्याकडूनही एक हवं. लाइफ जॅकेट नुसतं मांडीवर घेऊन बसू नका, बंद नीट आवळा. आणि स्पीकर घरी ठेवा.

आई त्या दिवशी गड चढली नाही, काठाशीच सावलीत बसली. बोटीचं इंजिन बंद झालं तसा झाडीतून कस्तूर पक्षी शीळ घालू लागला. संध्याकाळी आम्ही उतरून आलो तेव्हा ती म्हणाली, "अजून थोडं थांबूया का?"