पहिली तीन प्रकरणं

काळ्या शिळेवर लखलखीत अक्षरं उमटतात. शक्ती: तिसरी पायरी. शिळेसमोर १५ वर्षांचा श्याओ यान उभा आहे आणि सगळं घराणं त्याला हसतंय. वयाच्या ११व्या वर्षी याच पोराचं कौतुक करताना ही मंडळी थकत नव्हती.

'बॅटल थ्रू द हेवन्स' ही चिनी कादंबरी २००९ साली चीदियान या संकेतस्थळावर क्रमशः सुरू झाली, ती अशी. जगाचा नकाशा नाही, राजांची वंशावळ नाही. परीक्षा आहे आणि नापास झालेला मुलगा आहे. शक्तीच्या पायऱ्या किती, हे आपल्याला कळतं ते लोकांच्या टोमण्यांतून.

एवढी घाई का? तर २००३ पासून चीदियानवर सुरुवातीची प्रकरणं फुकट आणि पुढची विकत. सुरुवातीचा दर हजार अक्षरांना २ फेन, म्हणजे एका युआनचा पन्नासावा भाग. रक्कम किरकोळच, पण वाचकाला ती पुन्हा पुन्हा मोजायला लावायची, तर आधी त्याला चटक लागायला हवी. तिथे पहिल्या तीन प्रकरणांना 'सोनेरी' म्हणतात ते याच हिशेबाने.

नायकाचा अपमान कुणीही लिहील. इथला अपमान बोचतो तो सभ्यपणामुळे. वाग्दत्त वधू नालान यानरान ठरलेलं लग्न मोडायला येते. तिच्यासोबतचे वडीलधारे गोड बोलतात, वर भरपाई म्हणून दुर्मीळ औषध पुढे करतात. भरल्या बैठकीत मुलाच्या बापाने, तेही घराण्याच्या प्रमुखाने, हे मुकाट गिळायचं! शेवटी पोरगाच उठतो, स्वतःच्या हाताने काडीमोड लिहून देतो आणि तीन वर्षांनंतरच्या लढतीचं आव्हान टाकतो. वाचकाच्या हाती आता मुदत आली. मुदत असली की माणूस थांबतो.

मग अंगठी. आईची आठवण म्हणून बोटात घातलेली. तिच्यात एका वृद्ध औषधविद्या-गुरूचा आत्मा दडलेला असतो आणि इतकी वर्षं पोराची शक्ती तोच शोषत असतो. आता तोच त्याला शिकवणार. दुखणं आणि इलाज एकाच बोटावर. लेखकाची ही चलाखी मला लग्न मोडण्याच्या प्रसंगापेक्षाही सरस वाटते.

पुढे लग्न मोडणाऱ्या मुलींची चिनी वेब कादंबऱ्यांत रांगच लागली. नकला करणाऱ्यांनी टोमणे वाढवले, शिव्या वाढवल्या. भरपाईचं ते औषध मात्र फार थोड्यांना सुचलं.