इकाम्याची तारीख

(दृश्य : गुहागर तालुक्यातलं एक घर. माजघरातलं लोखंडी कपाट. सुरकुतलेले हात खालच्या खणातून एक पिशवी बाहेर काढतात.)

आमच्या माजघरातलं हे कपाट. वरच्या खणात गणपतीच्या आरतीचं सामान, खालच्या खणात सातबारे, आणि सातबाऱ्यांच्या खाली साडीच्या दुकानातली ही प्लास्टिकची पिशवी. माझ्या बाबांची 11 वर्षं या पिशवीत आहेत. 1994 ते 2005, सौदी अरेबियातलं दमाम.

(दृश्य : तपकिरी रंगाची छोटी वही, अगदी जवळून.)

हा इकामा. परदेशातून आलेल्या कामगाराचा सौदीत राहण्याचा परवाना. आता त्याचं प्लास्टिकचं कार्ड झालंय, तेव्हा अशी वही असायची. मुसलमानांना हिरवी, बाकीच्यांना तपकिरी. आत बाबांचा फोटो आहे, काळ्याभोर मिशांचा. गोल शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर उमटलाय. खाली अरबीत नाव, मालकाचं नाव, कामाचा हुद्दा. आणि या ओळीत तारीख. आज आपल्याला हिच्याबद्दलच बोलायचंय.

रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांत खेड, दापोली, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन, कुठेही जा, 'आखातात आहे' असं ज्याच्याबद्दल सांगतात असा एकतरी माणूस गावात सापडतोच. 1973 नंतर तेलाचे भाव चढले, तिकडे रस्ते, बंदरं, रिफायनऱ्या उभ्या राहू लागल्या आणि मुंबईच्या गिरण्यांकडे जाणारी आपली माणसं विमानाकडे वळली. आज एकट्या सौदीत 20 लाखांहून जास्त भारतीय आहेत. त्यांच्या पगाराबद्दल आणि त्यांनी बांधलेल्या घरांबद्दल आपण खूप ऐकतो. त्यांच्या खिशातल्या कागदाबद्दल सहसा कुणी बोलत नाही, आणि तिकडचा त्यांचा अख्खा दिवस त्या कागदावर उभा असतो.

(दृश्य : बाबा पडवीत बसलेत. समोर माझा भाचा, वय 23. लोटे एमआयडीसीत वेल्डर आहे. पुढच्या आठवड्यात जुबैलला निघालाय.)

ताईचा हा मुलगा. हातात व्हिसा लागलेला पासपोर्ट आहे, चेहऱ्यावर आनंद मावत नाहीये. बाबा त्याला समजावतात : व्हिसा म्हणजे फक्त दार उघडलं. आत गेल्यावर मालकाने वर्क परमिट काढायचं, लोक ज्याला 'मक्तब अमल'चं काम म्हणतात ते. ते झालं की मग इकामा. पोहोचल्यापासून 90 दिवसांच्या आत हे सगळं व्हायला हवं. आणि यातला एकही अर्ज कामगार स्वतः करत नाही, सगळे मालकाने करायचे. मालक म्हणजे कफील.

इकामा नसेल तर काय अडतं? बँकेचं खातं उघडत नाही, घरी पैसे पाठवता येत नाहीत, फोनचं सिम मिळत नाही, खोली भाड्याने मिळत नाही. सुट्टीवर घरी यायचं तर एक्झिट री-एंट्री लागते, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत येण्याची परवानगी. तीही चालू इकाम्यावरच निघते. रस्त्यात शुर्ता, म्हणजे पोलीस, अडवतो तेव्हा एकच शब्द विचारतो : "इकामा?" बाबा सांगतात, पहिली दोन वर्षं ते अंघोळीला जातानासुद्धा वही प्लास्टिकमध्ये गुंडाळून जवळ ठेवायचे.

आता ही तारीख. ती हिजरी कॅलेंडरची आहे. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, 354 किंवा 355 दिवसांचं. आपल्या भिंतीवरच्या वर्षाच्या मानाने दर वर्षी सुमारे 11 दिवस ते अलीकडे येतं. माझी आई कालनिर्णयवर लाल पेनने खूण करायची : यांच्या इकाम्याला आज वर्ष झालं. पण तिचं वर्ष भरायच्या आधीच तिकडचं भरलेलं असायचं. दोन वर्षांच्या परवान्यात फरक 22 दिवसांचा. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सुरुवातीला बाबांनाही ठाऊक नव्हतं.

(दृश्य : वहीचं पान. बाबांचं बोट अरबी आकड्यांवर.)

सफर महिना, 1420. म्हणजे 1999 चा मे-जून. त्या महिन्यात बाबांचा इकामा संपला. ते एका ठेकेदार कंपनीत पाइप फिटर होते. कंपनीचं एक काम संपलं होतं, पुढचं मिळालं नव्हतं, आणि ऑफिसातला माणूस दर आठवड्याला म्हणायचा, 'बुकरा', उद्या. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. बाबांच्या हातात ही मुदत संपलेली वही, एवढंच. तीन महिने ते कॅम्प ते साइट एवढंच फिरले. बाजारात गेले नाहीत, आजारी पडले तर दवाखान्यात गेले नाहीत.

श्रावणात आजी गेली. गणपतीला तीन आठवडे उरले होते. शेजारच्या घरातल्या फोनवरून काकांनी कळवलं. बाबा ऑफिसात गेले, रडले, साहेबाच्या पाया पडले. पण इकामा संपलेला, त्यामुळे एक्झिट री-एंट्री निघणार नव्हती. आईचा एकुलता एक कमावता मुलगा दमामच्या कॅम्पातल्या खाटेवर बसून होता आणि इकडे काकांनी अग्नी दिला. बाबा घरी आले ते पुढच्या वर्षी शिमग्याला. तोपर्यंत आजीला जाऊन सहा-सात महिने झाले होते.

मला आजही ज्याची चीड येते ते हे. सौदीचा कामगार कायदा कलम 40 मध्ये स्पष्ट सांगतो : इकामा आणि वर्क परमिटची फी, त्यांचं नूतनीकरण, उशीर झाला तर दंड, एक्झिट री-एंट्री, करार संपल्यावर परतीचं तिकीट, सगळा खर्च मालकाचा. हा कायदा बाबा परतल्यानंतरचा, 2005 सालचा. कागदावर तो चांगला आहे. पण पोलीस अडवतो तो कामगाराला. इकामा उशिरा झाला तर पहिल्या खेपेला 500 रियाल दंड, दुसऱ्या खेपेला 1000, आणि तिसऱ्या वेळी देशातून हकालपट्टी. चुकतो मालक आणि सामान बांधावं लागतं कामगाराला.

मालक उशीर का करतात, तर पैशासाठी. इकाम्याची फी वर्षाला 650 रियाल, ती मोठी नाही. पण त्याआधी वर्क परमिटची रक्कम भरावी लागते. 2020 पासून ती बहुतेक खासगी कंपन्यांना माणसामागे महिना 700 ते 800 रियाल पडते. कारखान्यांना यात सूट मिळाली, बांधकामाच्या ठेकेदारांना नाही. शंभर कामगारांच्या ठेकेदाराला नुसत्या परमिटसाठी वर्षाला साडेनऊ लाख रियालच्या आसपास मोजावे लागतात. बिलं अडकली की पहिली काटछाट इथेच होते.

(दृश्य : भाच्याचा मोबाइल. पडद्यावर आजच्या इकामा कार्डाचा नमुना, नाव आणि नंबर झाकलेले.)

आजचं कार्ड असं असतं. दहा आकडी नंबर, सुरुवात 2 ने. सौदी नागरिकाचा नंबर 1 ने सुरू होतो, परदेशी माणसाचा 2 ने. 2015 पासून कार्ड पाच वर्षांसाठी मिळू लागलं, पण परवाना मात्र ठरावीक मुदतीने ऑनलाइन वाढवावा लागतो. म्हणजे कार्ड नवंकोरं दिसत असतं आणि परवाना कधीच संपलेला असू शकतो. कार्डाकडे बघून काही कळत नाही. खरी तारीख सरकारी ॲपवर दिसते, त्याचं नाव अबशेर. त्यात स्वतःचं खातं कामगाराला स्वतः उघडता येतं. कॅम्पातली कितीतरी मुलं ते काम ऑफिसातल्या माणसावर सोडतात आणि पासवर्डही त्याच्याकडेच ठेवतात. कृपा करून असं करू नका. खातं तुमचं, पासवर्ड तुमचा.

14 मार्च 2021 पासून सौदीत एक मोठा बदल लागू झाला. कराराचं एक वर्ष भरलं की मालकाच्या होकाराशिवाय नोकरी बदलता येते. मालकाने इकामा संपू दिला किंवा सलग तीन महिने पगार दिला नाही, तर वर्षाचीही वाट बघायची गरज नाही. एक्झिट री-एंट्रीसाठी कामगार स्वतः अर्ज करू शकतो. बाबांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "बावीस वर्षं उशिरा."

पण हा बदल सगळ्यांसाठी नाही. घरकाम करणाऱ्या बायका, घरचे ड्रायव्हर, माळी, शेतावरचे मजूर, मेंढपाळ यातून वगळले गेले. बंद दाराआड किंवा वाळवंटात एकट्याने काम करणारी, ज्यांना मदतीची गरज सगळ्यांत जास्त, नेमकी तीच माणसं बाहेर राहिली.

(दृश्य : एका तालुक्याच्या बाजारपेठेतला रस्ता. दुकानांच्या पाट्या.)

आता आपल्याकडची बाजू. आपला 1983 चा उत्प्रवासन कायदा सांगतो की परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटकडे सरकारी नोंदणी हवी. नोंदणी आहे की नाही हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून बघता येतं. एजंटने कामगाराकडून घ्यायची कमाल फी 30,000 रुपये, अधिक जीएसटी. मागितले जातात त्याच्या कितीतरी पट.

बाबा आठवीपर्यंत शिकलेले. त्यांचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे आखातात नोकरीला जायचं तर मुंबईच्या 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' कार्यालयाची मंजुरी लागायची. करार तिथे तपासला जायचा. ईसीआरवाल्यांना 10 लाखांचा अपघात विमाही सक्तीचा असतो, दोन वर्षांसाठी हप्ता 275 रुपये. माझा भाचा दहावी पास, आयटीआय केलेला. त्याला ही मंजुरी लागत नाही. आपण याला सोय म्हणतो. पण त्यामुळे त्याचा करार निघण्याआधी कुणी सरकारी माणूस बघणारच नाही. म्हणून तो आम्ही बघितला. घरी, जेवणं झाल्यावर, ओळ न् ओळ.

आझाद व्हिसाबद्दलही बोललं पाहिजे, कारण गावोगाव याच नावाने माणसं फसतात. एजंट सांगतो, व्हिसा आझाद आहे, तिकडे जाऊन हवं तिथे काम कर. असा कुठलाही व्हिसा कायद्यात नाही. होतं असं, की कुणीतरी कफील पैसे घेऊन आपल्या नावावर व्हिसा देतो, माणूस भलतीकडे काम करतो आणि इकाम्याच्या नूतनीकरणासाठी दर वर्षी त्या कफीलला पैसे मोजत राहतो. पकडला गेला तर बेकायदा. कफीलचं डोकं फिरलं तर तो 'हुरूब' टाकतो, म्हणजे कामावरून पळाला अशी नोंद. एकदा ती पडली की माणूस ना काम करू शकत, ना सरळ घरी येऊ शकत.

असं कुणाचं झालं असेल तर लपून राहू नका. रियाधला भारतीय दूतावास आहे, जेद्दाहला वाणिज्य दूतावास. 'मदद' या सरकारी पोर्टलवर घरच्यांना इथून तक्रार नोंदवता येते. अडकलेल्यांच्या तिकिटासाठी आणि कायदेशीर मदतीसाठी भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, तो 2009 पासून. पासपोर्ट मालकाकडे द्यायचा नाही. आपल्या कायद्याने पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो, तो गहाण ठेवून घ्यायचा हक्क कुणालाच नाही.

(दृश्य : पडवी. संध्याकाळ. बाबा आणि भाचा.)

"इकाम्याची तारीख बघशील तेव्हा वर्ष कुणाचं धरशील रे? आपलं की त्यांचं?"

"त्यांचं, आजोबा. ॲपवर दोन्ही दिसतं आता."

"दोन्ही लिहून पाठव. आजीला."

(दृश्य : माजघर. आई कपाटाजवळ.)

भाच्याचं विमान 10 नोव्हेंबरचं. आईने बोटांवर 90 दिवस मोजले. ते पुढच्या वर्षात जात होते, म्हणून नव्या वर्षाचं कालनिर्णय बाजारातून आधीच आणून ठेवलं होतं, अजून गुंडाळीतच होतं. तिने ते उलगडलं आणि फेब्रुवारीच्या पानावर 8 तारखेच्या चौकोनात लाल पेनने खूण केली. बाबा मागून म्हणाले, "महिनाभर आधीही कर गो. शेवटच्या दिवशी विचारून काय उपयोग?"

आईने पान मागे उलटलं. 8 जानेवारी. चौकोन लहान, अक्षरं मावेनात. तिने तिरक्या ओळीत लिहिलं : इकामा आला का विचारणे.