पिवळा मीटर टेबलावर चालतो, भिंतीवर नाही

मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं. पुण्याच्या तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात जा, दोन-अडीचशे रुपयांच्या आसपास तो पिवळा डीटी-८३० मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-करंट मोजायचा मीटर, टांगलेला दिसतो, आणि इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या ड्रॉवरमध्ये तो असणारच. मला दर वेळी एकच विचारतात, सर, हा चालेल का? चालेल की! टेबलावर चालेल, भिंतीवर नाही, म्हणजे २३० व्होल्टच्या सॉकेटवर नाही.

आधी जरा त्याची बाजू घेतो, कारण लोक उगाच नावं ठेवतात. आतल्या बोर्डावर काळ्या इपॉक्सीचा थेंब असतो, त्याच्याखाली ७१०६ जातीची चिप. मूळ डिझाइन इंटरसिल कंपनीचं, जुनं आणि चांगलं. शून्यापासून १९९९ पर्यंत आकडे दाखवते, आणि डीसी व्होल्टला एक टक्क्याच्या आत चूक, म्हणजे आर्डुइनो बोर्डाचे ५ व्होल्ट येतायत का, लिथियम सेल ४.२ वर पोचला का, कुठली वायर आतून तुटलीय, एवढं बघायला महागडा मीटर कशाला हवा? सोल्डरिंग शिकणाऱ्या पोराला मी हाच घ्यायला सांगतो, उडाला तर जीव जळत नाही.

फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. आतला ९ व्होल्टचा सेल उतरला की मीटर जास्त व्होल्टेज दाखवायला लागतो, सगळं मस्त चाललंय असं वाटतं आणि आकडा खोटा असतो. दुसरं, यातल्या बऱ्याच मीटरचा इनपुट रेझिस्टन्स १ मेगाओहमच असतो, चांगल्यांचा १०. ९ व्होल्टला एकामागे एक असे १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर लावा आणि मधल्या टोकाला मोजा. यायला हवेत साडेचार, हा मीटर दाखवेल ३. म्हणजे मीटर खोटं बोलत नाहीये हं, तुम्ही सर्किटला एक तिसरा रेझिस्टर जोडलात, तो स्वतःच.

आता भिंत. मीटरवर तीन खाचा असतात, आणि १० अँपिअरच्या खाचेशेजारी बारीक अक्षरात ‘अनफ्यूज्ड’ छापलेलं असतं, कुणी वाचत नाही. त्या खाचेपासून कॉमनपर्यंत, म्हणजे काळ्या पिनेच्या खाचेपर्यंत, आत नुसता जाड तारेचा तुकडा आहे, रेझिस्टन्स जवळपास शून्य. आता बघा, काल तुम्ही मोटरचा करंट मोजलात, लाल पिन तिथेच राहिली, आज नॉब ७५० व्होल्ट एसीवर फिरवलात आणि पिना सॉकेटमध्ये घातल्यात. नॉब कुठेही असू दे, तुम्ही २३० व्होल्ट सरळ शॉर्ट केलेत. एमसीबी पडेल, पण पडेपर्यंत शेकडो अँपिअर त्या केसासारख्या वायरीतून जातात, आणि ती वायर तुमच्या हातात आहे.

कुणी म्हणेल, दुसऱ्या खाचेला फ्यूज आहे की. आहे, काचेचा, छोटा. तसा फ्यूज साधारण ३५ अँपिअरपर्यंतच धड तोडू शकतो, त्याच्या वर काचेच्या नळीत ठिणगी तशीच जळत राहते. चांगल्या मीटरमध्ये सिरॅमिकचा, वाळू भरलेला फ्यूज असतो, हजारो अँपिअर तोडणारा, आणि तो एक फ्यूजच या अख्ख्या मीटरपेक्षा महाग पडू शकतो. म्हणजे दोन-अडीचशे रुपयांत काय काय येणार, तुम्हीच सांगा.

वर मग ‘कॅट थ्री ६०० व्होल्ट’ असं सुरक्षेचं रेटिंग छापतात. छापायला काय जातंय? खऱ्या कॅट थ्रीला ६०० व्होल्टसाठी ६००० व्होल्टचा झटका सोसावा लागतो, कारण लाइनवर वीज पडली, कुठेतरी मोठी मोटर बंद झाली, की क्षणभर असे झटके येतात. कॅट टू म्हणजे घरातलं सॉकेट, कॅट थ्री म्हणजे तुमच्या बिल्डिंगचा मेन बोर्ड, कॅट फोर म्हणजे महावितरणची केबल जिथे आत येते ती जागा. पिवळ्याच्या आत झटका गिळणारा एकही पार्ट नसतो, उघडून बघा, दोन-चार स्क्रू तर आहेत. आणि मायक्रोवेव्ह ओव्हनला तर हात पण लावू नका, आत २००० व्होल्टच्या आसपासचा खेळ आहे आणि प्लग काढल्यावरसुद्धा कपॅसिटर भरलेला असू शकतो.

हां, बोला काका. इन्व्हर्टरची बॅटरी? चांगला प्रश्न. व्होल्टेज बघा, खुशाल बघा, लाल पिन व्होल्टच्या खाचेत, नॉब डीसी २० वर. चार्जिंग बंद करून, लोड काढून, थोडा वेळ थांबून साडेबाराच्या वर दाखवलं तर ठीक, बारच्या खाली म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी. पण ‘करंट किती आहे बघू’ म्हणून अँपिअरवर टाकून दोन टोकांना पिना टेकवू नका, कारण १२ व्होल्टने शॉक लागत नाही हे खरं असलं तरी ती बॅटरी शॉर्टमध्ये हजार अँपिअरच्या वर सहज ढकलते. त्याला डीसी क्लॅम्प मीटर लागतो, तो वायरीभोवती नुसता अडकवायचा. घेताना मात्र ‘डीसी’ लिहिलंय का बघून घ्या, बरेचसे स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात.