जे पार्सल होत नाही

[दृश्य: सोलापूर स्टेशनचा फलाट. हातात पिशव्या घेतलेले प्रवासी.]

सोलापूरला कोणी निघालं की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा फोन येतोच. "येताना शेंगा चटणी आण. आणि कडक भाकरीची दोन पाकिटं." एखादी मावशी चादरही सांगते. चादर वर्षानुवर्षं टिकते, कडक भाकरी काही आठवडे सहज टिकते आणि चटणीला महिनाभर काही होत नाही. या गावाचं बाहेर जे नाव झालं ते सगळं टिकाऊ मालावर झालं. या फिल्ममध्ये आपण दुसऱ्या बाजूला जाणार आहोत. जे डब्यात भरता येत नाही, गार झालं की बिघडतं आणि ज्यासाठी गाडीतून उतरावंच लागतं, ते खायला.

मुंबईहून वंदे भारतने येत असाल तर ती रात्री उशिरा पोचवते. त्या वेळी काहीबाही खाऊन पोट भरू नका. झोपा. सकाळी भूक पाहिजे.

[दृश्य: सकाळचं कॅन्टीन. कढईतून वाफ.]

चहाच्या टपरीला इथं 'कॅन्टीन' म्हणतात. चहा अर्थातच गोड. बिनसाखरेचा मागितलात तर मिळेल, पण आधी तुमच्याकडं एकदा नीट बघतील. चहाबरोबर पोहे असतात, उप्पीट असतं. ते दोन्ही सोडा आणि सुशीला आहे का विचारा. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून काढायचे. मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि कांद्याची फोडणी द्यायची. शेंगदाणे घालायचे आणि वरून डाळ्याचं पीठ भुरभुरायचं. बस्स. बाजूला मिरची भजी मिळाली तर सकाळ जमली. सुशीलाची गंमत पहिल्या दहा मिनिटांत असते. नंतर चुरमुरे ओल धरतात आणि बशीत लगदा उरतो. कढईतून थेट बशीत पडत असेल तिथंच खा. मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेली दिसली तर चहा पिऊन पुढं चला.

[दृश्य: बाळीवेस. कांडप यंत्राची मुसळं वर-खाली होताना.]

आता बाळीवेशीकडं. चटणी टिकाऊ मालात मोडते हे खरं. पण ती होताना बघणं आणि ताजी चाखणं हा कार्यक्रम पाकिटातून मिळत नाही. शेंगदाणे खमंग भाजलेले, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ. साहित्य एवढंच. सगळी करामत कांडण्यात आहे. मिक्सरचं पातं दाणा कापतं आणि त्याचं कूट होतं. मुसळ दाणा चेचतं. चेचत राहिलं की दाण्याचं तेल सुटतं, ते तेल तिखट-लसणाला धरून ठेवतं आणि चटणी बोटांत दाबली की तिचा गोळा होतो. वरून तेल घालून तकतकीत केलेली चटणीही बाजारात भरपूर आहे. ओळखायची युक्ती सोपी: चिमूटभर कागदावर ठेवून बघा. कांडलेल्या चटणीचा डाग हळूहळू पसरतो, वरून ओतलेलं तेल लगेच पाझरतं. दुकानदार चव घ्यायला तळहातावर देतो. संकोच करू नका, इथं ती रीत आहे.

मुळात हे सगळं टिकाऊ का झालं? जिल्हा पर्जन्यछायेतला. पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर, तोही लहरी. खोल काळ्या जमिनीत परतीच्या पावसाची ओल धरून ठेवायची आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी काढायची, हे इथल्या शेतीचं गणित. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात, आणि २०१६ मध्ये तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. याच मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा घराघरात सांगितली जाते: दुष्काळात बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारं त्यांनी उपाशी लोकांसाठी खुली केली, आणि त्यांची भरपाई करायला विठोबा विठू महार होऊन दरबारात गेला. ज्या मुलखाच्या संताची कथा धान्याच्या कोठारावरून सुरू होते, तिथल्या बायका भाकरी वाळवून ठेवणारच.

त्यात १८७७ मध्ये इथं पहिली कापडगिरणी सुरू झाली. मग एकामागून एक गिरण्या आल्या, पाळ्या आल्या, भोंगे आले. पाळीवर जाणाऱ्या माणसाला डब्यात न बिघडणारं हवं असतं आणि पाळीवरून सुटलेल्या माणसाला ताटात गरम हवं असतं. पहिली गरज कडक भाकरीनं भागवली, दुसरी खानावळीनं. गिरण्यांची धुराडी केव्हाच थंड झाली. खानावळी अजून चालू आहेत.

[दृश्य: खानावळ. चुलीपुढं बसलेल्या अक्कांचे हात, परातीत थापली जाणारी भाकरी.]

दुपारी एकच्या आत खानावळीत पोचा. पोऱ्या पाणी ठेवतानाच विचारतो, "मऊ का कडक?"

मऊ सांगा. कडक तुम्ही घरी नेणारच आहात.

मऊ भाकरीला थोडा वेळ देतो, कारण सोलापूरच्या जेवणाचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नाही, ग्लूटेन नाही. पीठ एकमेकाला धरून राहतं ते गरम पाण्यामुळं आणि मळणाऱ्या हातामुळं. पीठ शिळं झालं की त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते आणि भाकरी थापतानाच कडेला चिरते. म्हणून चांगल्या खानावळी दळण साठवत नाहीत, रोजच्या रोज आणतात. थापलेली भाकरी तव्यावर पडते, वरून पाण्याचा हात फिरतो, उलटते, मग आरावर टम्म फुगते. पापुद्रा सुटतो. त्या क्षणापासून तिचं आयुष्य उतरणीला लागतं. पंधरा-वीस मिनिटांत ती ताठ होते. घरपोच जेवण पोचवणाऱ्या ॲपवरून भाकरी मागवणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे, याहून जास्त काही बोलत नाही.

मालदांडी ज्वारीची भाकरी असेल तर रंग पांढराशुभ्र नसतो, किंचित मोतिया असतो आणि चवीला गोडसर लागते. मालदांडी ३५-१ हे वाण याच जिल्ह्यात, मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलं गेलं. आज रब्बी ज्वारी म्हटलं की महाराष्ट्र-कर्नाटकात तेच नाव पुढं येतं.

ताटात बाकी काय? भरल्या वांग्याचा रस्सा, त्यात शेंगदाण्याचं कूट सढळ. झुणका. मोडाच्या मुगाची उसळ. मेथीची कच्ची पानं, मुळा, हातानं फोडलेला कांदा. कारळाची चटणी, शेंगांची चटणी, आणि ती कालवायला दही. काही जण तेलात कालवतात. माझं मत दह्याच्या बाजूनं आहे. लिंगायत खानावळीत गेलात आणि त्या दिवशी हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर असेल, तर भात सोडा आणि तिच्यावर तूप मागा. शेंगापोळी मिळाली तर गरमच खा. तीही लोक पाकिटातून नेतात, पण तव्यावरून उतरल्यावर आतला गूळ जो सैल असतो, तो पुण्यात पोचेपर्यंत घट्ट होतो.

वाढणाऱ्या अक्का ताटाकडं बघून स्वतःच ठरवतात. "अर्धीच घेतलीस की रे. घे अजून." नको म्हणून बघा. उपयोग होत नाही.

[दृश्य: पूर्व भाग. यंत्रमागाची खडखड, मराठीखाली तेलुगू अक्षरं असलेल्या पाट्या.]

जेवण जिरवायला पूर्व भागात चालत फिरा: कन्ना चौक, साखर पेठ, अशोक चौक. मराठी ऐकत निघालेले कान इथं तेलुगूत शिरतात. तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली कुटुंबांचा हा भाग. नातेवाइकांनी सांगितलेल्या चादरी आणि टॉवेल इथल्याच मागांवरचे. सकाळी लवकर इकडं आलात तर इडली-वड्याच्या गाड्या आहेत आणि चांगल्या आहेत. पण इथलं खरं खाणं घरात आहे. सर्वपिंडी घ्या. तांदळाचं पीठ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, तीळ, मिरची, कढीपत्ता एकत्र मळून गोळा थेट थंड तव्यात थापतात. बोटानं भोकं पाडतात, भोकांत तेल सोडतात, मग जाळ लावतात. खालची बाजू कुरकुरीत होते, वरची मऊ राहते. हॉटेलच्या पाटीवर ही क्वचित दिसेल. ओळख काढावी लागते. नवरात्राच्या सुमारास आलात तर फुलांची बतुकम्मा रचून फेर धरणाऱ्या बायका दिसतील, आणि त्या दिवसांत ओळख काढणं बरंच सोपं जातं.

संध्याकाळी सगळे तुम्हाला पार्क चौपाटीवर घेऊन जातील. स्टेडियमच्या कडेनं गाड्यांची रांग: पावभाजी, भेळ, दाबेली, आइस्क्रीम. पोरांना मजा येते, गर्दीला रंग असतो. पण हे सगळं तुमच्याही गावात मिळतं. एकच संध्याकाळ हातात असेल तर मी पार्कवर पोट भरणार नाही.

[दृश्य: रात्र. विजापूर वेस.]

कारण रात्र मटणाची आहे. सोलापूरचा रस्सा काळं तिखट घालून होतो. सुकं खोबरं, कांदा, धणे, तीळ, दगडफूल, लवंग आणि लाल मिरची हे एकेक करून तेलात गडद होईपर्यंत भाजायचं आणि कांडायचं. रंग भाजण्यातून येतो. भाजणं आणि जळणं यांत दोन मिनिटांचं अंतर आहे, आणि ज्या खानावळीत ते चुकतं तिथला रस्सा कडवट लागतो. आधी अळणी मागा: हळद-मिठात शिजवलेल्या मटणाचं पाणी, वाटीतून प्यायचं. ते चांगलं असेल तर पुढचं सगळं चांगलं असतं, ही माझी कसोटी. मग सुक्कं, मग पातळ रस्सा. भाकरी कुस्करायची, रस्सा ओतायचा, लिंबू पिळायचं. चमचा मागू नका.

विजापूर वेशीची वेगळी शान रमजानात. मीना बाजार भरतो, रात्री उशिरापर्यंत कबाबांचा धूर असतो. दालचा-खाना कुठं मिळतोय ते विचारत फिरा: डाळीत मटण आणि दुधी शिजवलेला दालचा, त्याखाली भात. दुधी न खाणारी माणसं इथं दुधीच्या फोडी शोधून खाताना पाहिली आहेत.

हॉटेलांची नावं सांगत नाही याची तक्रार होणार, हे माहीत आहे. खानावळ मालकाच्या नावानं ओळखली जाते, पण ती चालते चुलीपुढच्या बाईच्या हातावर. ती दुसरीकडं गेली की पाटी तीच राहते आणि रस्सा बदलतो. रिक्षावाल्या मामांना "सध्या कुणाकडचं चांगलं आहे?" एवढं विचारा. 'सध्या' हा शब्द विसरू नका.

[दृश्य: पुणे-सोलापूर महामार्ग, उजनीचं पाणी.]

गाडीनं येणाऱ्यांसाठी दोन थांबे. उजनीच्या पाण्याच्या कडेनं, भिगवण-टेंभुर्णीच्या पट्ट्यात, ताजे गोडे मासे: मरळ, वाम, चिलापी. मरळ महाग असते आणि पैसे वसूल करते. दुसरं म्हणजे करमाळ्याकडची बाजार आमटी. चार-पाच डाळी एकत्र, काळा मसाला, वर तेलाचा तवंग. आठवडी बाजाराच्या दिवशी मोठ्या पातेल्यात उकळत असते तीच खरी. शाकाहारी माणसानं मटणवाल्यांकडं बघून हळहळायचं कारण उरत नाही.

[दृश्य: शेत. आगटीतून निघणारा धूर, हातावर चोळलं जाणारं कणीस.]

आणि हिवाळ्यात हुरडा. डिसेंबर-जानेवारीत ज्वारीचा दाणा चिकात येतो, हिरवा आणि गोड. शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, कणसं निखाऱ्यात खुपसतात, भाजली की गरम गरमच हातावर चोळतात. चोळणाऱ्याच्या तळहाताला काय होतं ते त्यालाच माहीत. बरोबर शेंगा चटणी, गूळ, दही, बोरं. वर पाणी ढोसू नका, ताक प्या.

याच दिवसांत संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा असते, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेची मोठी जत्रा, भरतो, भोगीला घराघरात तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते. तेव्हा गावात खोली मिळणं अवघड. आधी राखून ठेवा.

हुरड्याची तारीख मात्र आधी ठरवता येत नाही. दाणा चिकात राहतो मोजकेच दिवस. पुढं तो कडक होतो आणि ज्वारी होऊन जाते. शेतकऱ्याला फोन केलात आणि तो "बघू, कळवतो" म्हणाला, तर टाळतोय असं समजू नका. तो रोज सकाळी कणीस दाबून बघत असतो. त्याचा फोन आला की शनिवारची वाट बघू नका, मिळेल त्या गाडीनं निघा.