आधी रंगमंच : शाकेन आयमानोव

[दृश्य : बायानाऊल, पहाट. तळ्यावर धुकं. मागे ग्रॅनाइटचे कडे.]

दिवसभर सपाट गवताळ माळ मागे पडत राहतो, आणि मग अचानक हे समोर येतं. पाइनची झाडी, तळी, आणि वाऱ्यापावसानं झिजून माणसांसारखे दिसू लागलेले दगड. हा केंपिरतास, म्हणजे म्हातारीचा दगड. बाजूनं पाहा. नाक दिसतं, हनुवटी दिसते.

ईशान्य कझाकस्तानातलं हे बायानाऊल. 15 फेब्रुवारी 1914 रोजी शाकेन आयमानोव या मुलखात जन्मले. कझाक सिनेमाचे पहिले कझाक दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण आम्ही इथवर आलो ते त्यांच्यातल्या नटासाठी.

[दृश्य : माळावर घोड्यांचा कळप. दोंब्राचे, म्हणजे दोन तारांच्या कझाक वाद्याचे, सूर.]

या माळावर नाट्यगृह नव्हतं. गाणं मात्र होतं. झायाऊ मूसा हे मोठे गायक याच परिसरातले. झायाऊ म्हणजे पायी चालणारा. जिथे पोर चालायला लागण्याआधी घोड्यावर बसतं, तिथे एका माणसाला हे नाव पडावं आणि त्याच नावानं त्याची गाणी पिढ्यान्पिढ्या गायली जावीत! शाकेन 15 वर्षांचे असताना, 1929 मध्ये, मूसा वारले.

आणि आयतिस होता. दोन आकिन, म्हणजे दोन शीघ्रकवी, दोंब्रा घेऊन समोरासमोर बसतात आणि एकमेकांना काव्यातच अडवतात. आपल्याकडचे कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ज्यांनी ऐकलेत, त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. नट घडायला लागतं ते सगळं इथे होतं. आवाज, हजरजबाबीपणा, समोर बसलेला जाणकार श्रोता.

कारकारालीजवळ कोयांदीची मोठी जत्रा भरायची. घोडे, मेंढरं, कापड, चहा यांचा बाजार, आणि त्यातच पैलवान, गवई, नकलाकार. कालिबेक कुआनिशबायेव हे तिथले नावाजलेले किस्सेवाले. 13 जानेवारी 1926 ला तेव्हाची राजधानी किझिलओर्दा इथे कझाक भाषेतल्या पहिल्या व्यावसायिक नाट्यगृहाचा पडदा उघडला. त्यात उभे राहिले ते हेच जत्रेतले कालिबेक, आणि त्यांच्यासारखेच येलुबाय उमुर्झाकोव. नाटक होतं मुख्तार औएझोव यांचं. कुणीही नाट्यशाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

[दृश्य : अल्माटी. नाट्यगृहाच्या पायऱ्या. बसलेल्या औएझोवांचा पुतळा.]

पुढे राजधानीबरोबर हे नाट्यगृह अल्माटीला आलं. आज त्याला औएझोवांचं नाव आहे. समोर दिसते ती इमारत शाकेन गेल्यानंतरची. पण मंडळी तीच, परंपरा तीच.

शाकेन सेमेय शहरात शिक्षक व्हायला शिकत होते. लेखक गाबित मुस्रेपोव यांनी बोलावलं आणि 1933 मध्ये, 19 व्या वर्षी, ते या मंडळीत दाखल झाले. ती दुष्काळाची वर्षं होती. सोव्हिएत सरकारनं सक्तीनं सगळ्यांची शेती-जनावरं सामूहिक मालकीत घेतली, त्यात माणसांची जनावरं गेली, आणि मग दहा लाखांहून जास्त माणसं गेली. दाखवायला आमच्याकडे त्याची चित्रं नाहीत.

[दृश्य : जुनी कागदपत्रं. अरबी, लॅटिन आणि सिरिलिक अक्षरं, एकापाठोपाठ एक.]

ही अक्षरं मात्र नीट पाहा. तिन्ही पानांवर भाषा एकच आहे, कझाक. 1929 मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन आली. 1940 मध्ये लॅटिन जाऊन सिरिलिक आली. अकरा वर्षांत वाचायची अक्षरं दोनदा बदलली. शाकेनच्या पिढीनं शब्द टिकवले ते तोंडात, आणि रोज संध्याकाळी ते मोठ्यानं उच्चारले जात होते या रंगमंचावर. भाषेचं नाट्यगृह का लागतं, हे आम्हाला या तीन पानांपुढे उभं राहून जितकं कळलं तितकं कशानंच कळलं नव्हतं.

[दृश्य : छायाचित्र. पेत्रुचिओच्या वेशात शाकेन.]

1943. युद्ध ऐन भरात होतं. मॉस्को आणि लेनिनग्राडचे स्टुडिओ उचलून अल्माटीला आणलेले. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाईन याच गावात ‘इव्हान द टेरिबल’ चित्रित करत होते. मॉस्कोची चित्रपटशाळाही इथेच आली होती आणि तिच्याबरोबर ओल्गा पिझोवा आणि बोरिस बिबिकोव. दोघंही मॉस्को आर्ट थिएटरच्या तालमीत वाढलेले. त्यांनी कझाक मंडळीकडून शेक्सपिअर बसवून घ्यायचं ठरवलं. ‘टेमिंग ऑफ द श्रू’. आपल्याकडे ‘त्राटिका’ म्हणून गाजलं, तेच नाटक.

भाषांतर औएझोवांचं. नाव दिलं, ‘असाऊगा तुसाऊ’. असाऊ म्हणजे खोगीर न चढलेला घोडा. तुसाऊ म्हणजे पायबंद, चरायला सोडलेला घोडा पळू नये म्हणून त्याच्या पायांत घालतात ती दोरी. कझाक घरांत मूल पहिली पावलं टाकू लागलं की त्याच्या पायांत असाच एक दोरा बांधतात आणि समारंभानं कापतात. प्रेक्षकाला इटलीतलं पादुआ माहीत असायची गरजच उरली नाही. शीर्षकानंच नाटक माळावर आणून ठेवलं.

नायक पेत्रुचिओ होते शाकेन, 29 वर्षांचे. नायिका कॅथरीन होत्या हादिशा बुकेयेवा. घोड्यावर वाढलेल्या समाजातला पेत्रुचिओ कसा उभा राहतो, पाय किती फाकतो, चाबूक कुठे धरतो, हे परक्या दिग्दर्शकांनी शिकवायचं नव्हतंच. त्यांनी शिकवली ती तालीम : प्रत्येक वाक्यामागे माणसाला काय हवंय ते शोधणं. जत्रेतला जिवंतपणा आणि ही शिस्त, दोन्हींची गाठ शाकेनमध्ये पडली. आमच्या मते कझाक अभिनयाचा खरा टप्पा इथे आहे. ऑथेल्लोही त्यांनी केला, आणि पुढे 1947 ते 1951 या काळात या नाट्यगृहाचे मुख्य दिग्दर्शक तेच होते.

[दृश्य : ‘आबायची गाणी’, 1945.]

आता पडद्यावर. मधोमध बसलेले महाकवी आबाय म्हणजे कोयांदीच्या जत्रेतले ते कालिबेक. आणि हा खलनायक शारिप. हे शाकेन. ओरडत नाहीत. डोळे बघा.

[दृश्य : ‘जांबिल’, 1952.]

आणि हा पांढऱ्या दाढीचा आकिन. जांबिल जाबायेव प्रत्यक्षात 99 वर्षं जगले. ही भूमिका करताना शाकेन 38 वर्षांचे होते. दाढी रंगभूषेची आहे. दोंब्रावर विसावलेला हात, मान वळवायला लागणारा वेळ, बोलण्याआधीचा तो श्वास, हे रंगभूषेचं नाही. आम्ही हा तुकडा संपादनात कापला नाही. पूर्ण पाहा.

[दृश्य तसंच, निवेदनाशिवाय.]

1954 पासून ते चित्रपट दिग्दर्शित करू लागले. तरी 1964 मध्ये स्वतःच्याच चित्रपटात पुन्हा नट म्हणून उतरले. अल्दार कोसे. कोसे म्हणजे दाढी न फुटलेला. लोककथेतला हा फाटका माणूस, अंगावरचा भोकाभोकांचा कोट जादूचा आहे असं पटवून श्रीमंताची उबदार फर घेऊन जाणारा. पन्नाशीतले शाकेन हसतात आणि वय गळून पडतं.

[दृश्य : ‘वडिलांची भूमी’, 1966. आगगाडी. म्हातारा आणि नातू.]

युद्धात पडलेल्या मुलाच्या अस्थी गावी आणायला निघालेला हा आजोबा. पटकथा कवी ओल्झास सुलेमेनोव यांची. आजोबा म्हणजे येलुबाय उमुर्झाकोव. हो, 1926 च्या त्या पहिल्या मंडळीतले. दिग्दर्शक शाकेननी कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर ठेवला आणि तिथेच राहू दिला. रंगमंचावर शेजारी उभा राहिलेला माणूसच दुसऱ्या नटावर एवढा विश्वास टाकतो.

[दृश्य : ‘टोपीतला देवदूत’, 1968. रंगीत अल्माटी.]

आणि ही आई, मुलासाठी शहरात सून शोधत फिरणारी. आमिना उमुर्झाकोवा.

[दृश्य : ‘अतामानचा शेवट’, 1970. असानाली आशिमोव.]

हा त्यांचा शेवटचा चित्रपट. तो पूर्ण करून डिसेंबरमध्ये शाकेन मॉस्कोला गेले. 23 तारखेला तिथे मोटार अपघातात वारले. 56 वर्षांचे होते. 1984 मध्ये कझाकफिल्म स्टुडिओला त्यांचं नाव दिलं गेलं.

[दृश्य : स्टुडिओचं फाटक. मग नाट्यगृहाचा रिकामा रंगमंच. मग अल्दार कोसेचं हसू, जवळून. दोंब्रा. निवेदन नाही.]