आरशातली थरथर

[दृश्य: पहाटेचा महामार्ग. गाडीतला आरसा, अगदी जवळून.]

या आरशात बघा. मागच्या गाडीचे दोन दिवे एकमेकांत मिसळलेत, डोळ्यातलं काजळ पसरावं तसे. काच पुसलेली आहे. आरसाच थरथरतोय. स्पीडोमीटरवर ६५ मैल, म्हणजे ताशी साधारण १०५ किलोमीटर. ५५ मैलांवर हेच दिवे स्वच्छ, वेगवेगळे दिसतात.

आपण अमेरिकेत आहोत, मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या उत्तरेला आय-७५ महामार्गावर. गाडी आहे फोर्ड एफ-१५० लाइटनिंग, २००१ सालची. दिसायला सामान वाहणारा पिकअप, पण बॉनेटखाली ५.४ लिटरचं सुपरचार्जर लावलेलं व्ही-८ इंजिन. ताकद ३८० अश्वशक्ती. मागची चाकं १८ इंची, टायर २९५ मिलिमीटर रुंद. ही ताकद गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत पोचवणारी एक लांब नळी गाडीच्या पोटाखाली फिरत असते. इकडे तिला ड्राइव्हशाफ्ट म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजात प्रोपेलर शाफ्ट.

मी या गाडीचा चौथा मालक. गाडी घेतली तेव्हाच थरथर होती, आणि मी सगळे करतात तेच आधी केलं. चाकं बॅलन्स करून आणली. फरक नाही. मग शाफ्टचे दोन्ही क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे, बदलले. तरी फरक नाही. त्या रात्री अण्णांना फोन लावला. माझे वडील साताऱ्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, उभं आयुष्य चेसीखाली गेलं त्यांचं.

"क्रॉस का बदललास? प्ले होता त्याला?"

"नव्हता, अण्णा. जरासुद्धा ढिला नव्हता."

"मग बदललास कशाला? आधी ती थरथर कुठून येते ते विचार की तिला."

पुढचे तीन शनिवार मी तेच विचारत होतो.

[दृश्य: मोकळा रस्ता. गिअर लिव्हरवर हात.]

पहिला प्रश्न, इंजिन की त्याच्या मागचं काही? रस्ता मोकळा बघून ७० मैलांवर गाडी न्यूट्रल केली. इंजिन खाली आलं, नुसतं गुरगुरत राहिलं. गाडी स्वतःच्या वेगाने धावत होती, आणि थरथर तशीच. इंजिन सुटलं. स्टिअरिंग हातात शांत होतं, थरथर येत होती सीटमधून आणि पायाखालच्या पत्र्यातून. म्हणजे पुढची चाकंही बहुधा सुटली. आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी आधी कितीतरी दिवस मी नुसती सोसत होतो: ॲक्सिलरेटर दाबला की थरथर कमी व्हायची, पाय काढला की वाढायची. ही खूण लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

दुसरा प्रश्न आकड्यांचा. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे अंदाज संपतो. या टायरचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. ६५ मैलांवर चाक सेकंदाला साधारण १३ फेऱ्या घेतं. या गाडीचा मागचा गिअर ३.७३, म्हणजे चाकाच्या एका फेरीत शाफ्ट पावणेचार फेऱ्या मारतो. १३ गुणिले ३.७३, सुमारे ४८. शाफ्ट सेकंदाला ४८ वेळा फिरतोय. आता हिशोब सरळ आहे. थरथर सेकंदाला १३ वेळा असेल तर दोष टायरचा किंवा रिमचा. ४८ वेळा असेल तर शाफ्टचं वजन एका बाजूला जास्त आहे, किंवा नळी वाकलेली आहे. आणि ९६ वेळा, म्हणजे फेरीला दोनदा असेल, तर क्रॉसचे कोन चुकलेत.

दोन सीटच्या मधे फोन घट्ट बसवला आणि त्यातल्या सेन्सरला मोजू दिलं.

[दृश्य: फोनच्या पडद्यावरचा आलेख.]

१३ वर काहीच नाही. टायर बिचारे उगाच बदनाम झाले होते. पण पुढे दोन सुळके. एक ४८ वर, दुसरा त्याहून उंच, ९६ वर. दोन दोष होते. एकच शोधून थांबलो असतो तर दुसऱ्याने मला पुन्हा चकवलं असतं.

फेरीला दोनदा का, हे समजून घेण्यासारखं आहे. क्रॉसच्या या जोडाला युरोपात कार्डन म्हणतात, सोळाव्या शतकातल्या इटालियन विद्वान जिरोलामो कार्दानोवरून. इंग्लंडमध्ये हूकचा जोड, सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकवरून. दोन काटे, मधे अधिक चिन्हासारखा क्रॉस. सरळ रेषेत फिरला तर काही तक्रार नाही. पण कोनात फिरला की पुढचा काटा एकसारखा फिरत असतानाही मागचा काटा प्रत्येक फेरीत दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो. कोन ४.२ अंशांचा धरा. शाफ्ट मिनिटाला २,९०० फेऱ्यांवर असेल तर असा एकटा क्रॉस त्याला २,८९२ ते २,९०८ च्या मधे सतत झुलवत ठेवतो, सेकंदाला ९६ वेळा. आठ फेऱ्यांचा फरक ऐकायला क्षुल्लक. पत्र्याला तो पुरतो.

म्हणूनच शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. पुढचा जे बिघडवतो ते मागच्याने निस्तरायचं. त्यासाठी दोन अटी: नळीच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत, आणि दोन्हीकडचे कोन जवळपास सारखे हवेत. एका अंशापेक्षा जास्त तफावत चांगली नाही.

[दृश्य: रॅम्पवर उभी गाडी. शाफ्टला चिकटलेला अँगल मीटर.]

मोजताना गाडीचं वजन चाकांवरच हवं. जॅकवर चाकं लोंबकळत ठेवून घेतलेले कोन निरुपयोगी असतात, कारण ॲक्सल खाली झुकलेला असतो. गिअरबॉक्सची शेपटी मागे ३.१ अंश खाली उतरलेली. शाफ्ट १ अंश खाली. पुढच्या क्रॉसचा कोन २.१. ठीक. आता मागे, डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याचं नाक, म्हणजे पिनियन. तो गिअरबॉक्सला समांतर हवा, नाक थोडं वर. इथे नाक ३.२ अंश खाली! मागच्या क्रॉसचा कोन ४.२. पुढच्याच्या दुप्पट.

पाय काढल्यावर थरथर वाढण्याचं कारण इथे होतं. मागच्या ॲक्सलला पाट्यांच्या स्प्रिंग आहेत. जोर दिला की पाटे पिळले जातात आणि पिनियनचं नाक वर उचललं जातं, कोन सुधारतो. पाय काढला की नाक परत खाली. याच पिळाची सोय म्हणून गाडी उभी असताना नाक समांतरपेक्षा एक-दोन अंश खाली ठेवतात. सहा अंश नव्हे.

मग दिवा घेऊन आत शिरलो. आधीच्या कुणीतरी गाडी मागून खाली बसवली होती, आणि तसं करताना पिनियनचा कोन सावरायला स्प्रिंग आणि ॲक्सलच्या मधे पाचर घातली होती. अडीच अंशांची. विचार बरोबर होता. पाचर उलटी बसवली होती. स्प्रिंग ॲक्सलच्या वर असेल आणि नाक उचलायचं असेल तर जाड बाजू मागे हवी. इथे जाड बाजू पुढे.

[दृश्य: हातात पाचर. एका कडेला गंज, दुसरी कड चकचकीत.]

ही ती पाचर. मला तिचा राग नाही आला. उलट ती हातात आली तेव्हा इतकं बरं वाटलं की मी ती पाच मिनिटं नुसती फिरवून बघत बसलो. यू बोल्ट सोडले तर एक पैशाचा नवीन भाग नको होता. दोन्हीकडच्या पाचरी उलटवल्या, स्प्रिंग ॲक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट नवीन घातले, कारण एकदा ताणलेले पुन्हा वापरू नयेत. अडीच आणि अडीच, पाच अंशांचा फरक पडला. नाक आता १.८ अंश वर. समांतरपेक्षा १.३ कमी.

९६ चा सुळका जवळजवळ नाहीसा झाला. ४८ चा जागच्या जागी.

त्याची गोष्ट लहान आहे. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने गंज चढतो, म्हणून लोक गाडीखाली डांबरासारखा थर मारून घेतात. कुणीतरी मारताना शाफ्ट झाकायचा विसरला होता. नळीच्या एकाच बाजूला हाताएवढा, चार मिलिमीटर जाडीचा पट्टा वाळून बसला होता. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही टोकांना रंगाच्या खुणा केल्या, होता तसाच परत बसावा म्हणून. प्लॅस्टिकच्या पट्टीने थर खरवडला, कारण नळी ॲल्युमिनियमची आहे, तिच्यावर लोखंडी खरवडणी चालवणं म्हणजे तडा जायला वाट करून देणं. मग शाफ्ट परत बसवून अण्णांची युक्ती: ॲक्सल घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, शाफ्ट हाताने हळू फिरवायचा आणि पक्क्या आधारावर धरलेला खडू नळीजवळ न्यायचा. जिथे खडू आधी लागतो ती उंच बाजू. माझ्या नळीवर खडूचं कडं जवळपास सगळीकडे सारखं उमटलं. नळी वाकलेली नव्हती.

एका बाजूचं थोडं जास्त वजन तरी उरलंच होतं. ते मागच्या टोकाला दोन होज क्लिप, म्हणजे पाइप आवळायच्या पट्ट्या, लावून तोललं. क्लिपांचे स्क्रू एकाच जागी ठेवून शाफ्टभोवती चार ठिकाणी फिरवून बघायचे, सगळ्यात कमी थरथर होईल ती बाजू पकडायची, मग दोन्ही स्क्रू एकमेकांपासून थोडे थोडे लांब सरकवायचे. अकरा फेऱ्या मारल्या मी महामार्गावर. घाईचं काम नाही हे.

[दृश्य: पुन्हा तोच महामार्ग. तोच आरसा.]

६५ मैल. मागचे दोन दिवे. दोन.

फ्रेमवर, पिनियनच्या बाजूला, पांढऱ्या रंगाच्या पेनने मी तीन आकडे लिहून ठेवलेत: ३.१, १.०, १.८, आणि खाली बाण काढून "जाड बाजू मागे". पाचव्या मालकासाठी.