खाज कुठे, कधी आणि कुणाकुणाला
(वेंगुर्ल्यातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, डोकं खाजायला लागलं की आपल्याकडे निकाल लगेच लागतो. कोंडा झाला, डोकं कोरडं पडलं, तेल घाल. मग खोबरेल चोळलं जातं. त्याने भागलं नाही तर लिंबू, मग दही, मग कांद्याचा रस, आणि शेवटी दुकानातून मागून आणलेली एखादी ट्यूब. दोन महिन्यांनी पेशंट माझ्यासमोर बसतो तेव्हा मूळ आजार कुठला आणि उपायांनी केलेली जखम कुठली, हे वेगळं करण्यातच वेळ जातो. म्हणून आज मी एकच आग्रह धरायला आले आहे. डोक्याला काहीही लावण्याआधी उजेडात बसा आणि घरातल्या कुणाकडून तरी, जागोजागी भांग पाडून, डोकं नीट बघून घ्या. खाज कुठे आहे, कधी सुरू झाली आणि घरात आणखी कुणाला आहे, एवढं कळलं तरी बराचसा उलगडा तिथेच होतो.

सगळ्यात जास्त दिसतो तो कोंडाच, हे खरं. पण कोंडा म्हणजे कोरडेपणा ही समजूत चुकीची आहे. आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर मॅलसेझिया नावाची एक सूक्ष्म बुरशी राहते. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1874 मध्ये कोंड्याच्या खपल्यांत तिचं वर्णन केलं, त्याच्यावरूनच तिला हे नाव पडलं. तिला स्वतःची मेदाम्लं तयार करता येत नाहीत, म्हणून ती आपल्या त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर जगते. ते तेल फोडताना जे पदार्थ मागे उरतात, त्यांतलं ओलिक आम्ल काहींच्या त्वचेला सोसत नाही. मग त्वचेच्या पेशी भराभर सुटतात, खपल्या धरतात, खाज येते. हाच प्रकार वाढून भुवया, नाकाच्या कडा, कानामागची घडी आणि छातीपर्यंत लाल, तेलकट खपल्या पसरल्या, तर त्याला आम्ही सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतो. म्हणजे हा तेलकट डोक्याचा आजार आहे. त्यावर रात्रभर तेल थापलं की खपल्या केसांना चिकटून दिसेनाशा होतात आणि कोंडा गेला असं वाटतं. दोन दिवसांनी केस धुतले की तो तिथेच असतो.

खोबरेलावर माझा राग नाही. निरोगी डोक्याला आणि केसांच्या लांबीला ते चांगलंच आहे. खपल्यांनी भरलेल्या, लाल झालेल्या त्वचेवर मात्र ते मुरवत ठेवू नका. अशा वेळी 2 टक्के कीटोकोनॅझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, साधारण महिनाभर वापरावा. त्यात एक गोष्ट हमखास चुकते. लोक तो केसांना लावतात आणि लगेच पाणी ओततात. तो केसांसाठी नाहीच, त्वचेसाठी आहे. बोटांच्या पेरांनी मुळाशी पोचवायचा, पाच मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग धुवायचा. आणि ही बुरशी कायमची जात नाही, हेही आताच सांगते. ती आपल्याबरोबरच राहणार, तिला आटोक्यात ठेवायचं असतं. त्यामुळे बरं वाटल्यावरही दहा-पंधरा दिवसांतून एकदा तोच शॅम्पू लावत राहावा लागतो.

आता आपल्या किनाऱ्याचं बोलू. इथे मे महिन्यात घाम वाळत नाही आणि जून ते सप्टेंबर केस वाळत नाहीत. सकाळी नाहून ओल्या केसांचा आंबाडा घातला, वर अबोलीचा वळेसर माळला आणि दिवसभर तो तसाच राहिला, असं किती घरांत चालतं? बाजारात बसणाऱ्या माझ्या बहिणींच्या डोक्यावर तर चुंबळ असते, चुंबळीवर माशांची पाटी, आणि पाटीतून बर्फाचं खारट पाणी ठिबकत असतं. ती चुंबळ रात्री घडी करून ठेवली की सकाळी पुन्हा तीच ओलसर डोक्यावर. मग केसांच्या मुळाशी बारीक पुळ्या येतात, दुखतात, खाजतात. इथे औषधाआधी दोन चुंबळी हव्यात, एक उन्हात आणि एक डोक्यावर. पावसाळ्यात ऊन नसेल तर चुलीजवळ, पण कोरडी. मोटारसायकलवाल्यांच्या हेल्मेटच्या आतल्या अस्तरालाही हेच लागू आहे.

ओल्या केसांचाच आणखी एक प्रकार आहे, तो फारसा कुणाला माहीत नसतो. केसांवर जागोजागी पांढुरक्या, मऊ गाठी दिसतात. आई म्हणते लिखा झाल्या, आणि मुलीला उवांचं औषध लावलं जातं, पुन्हा पुन्हा. पण लीख केसाला एका बाजूला घट्ट चिकटलेली असते, नखाने ओढल्याशिवाय सरकत नाही. ही गाठ केसाभोवती असते आणि चिमटीत धरून ओढली की सुटते. ही पांढरी पिड्रा नावाची बुरशी, दमट हवेत आणि ओले केस बांधून ठेवण्याच्या सवयीत वाढणारी. तिने खाज सहसा येत नाही. खाज येते ती विनाकारण लावलेल्या औषधांची.

खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतात. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही म्हणून आपण आणखी साबण घेतो, तो निघत नाही आणि त्याचा चिकट थर डोक्यावर राहतो. शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे घ्या. समुद्रात पोहून आल्यावरही तेच.

यापुढचा भाग मला जरा सावकाश सांगायचा आहे, कारण तो खास आपला आहे. आंबा, काजू आणि बिब्बा ही तिन्ही झाडं एकाच कुळातली. बिब्बा उतला की काय होतं ते इथल्या वयस्कर मंडळींना सांगायला नको. त्याच जातीची दाहक द्रव्यं काजूच्या टरफलातल्या तेलात असतात, म्हणून ओले काजूगर काढणाऱ्या बायकांच्या बोटांची सालं निघतात. आंब्याच्या देठातून उडणाऱ्या चिकातही त्यांचीच भावंडं आहेत. हंगामात झेला वर करून आंबा उतरवताना चीक कुठे पडतो? कपाळावर, डोक्यावर, मानेवर. तो ताबडतोब भाजतो तो एक त्रास. दुसरा त्रास ॲलर्जीचा, आणि तो एक-दोन दिवसांनी उमटतो. तोवर माणूस दुसऱ्या बागेत असतो आणि त्याला चिकाची आठवणही नसते. त्याला वाटतं घामाने खाजतंय. काजू सोललेल्या हातांनी केस सावरले तरी तेवढं पुरतं. त्यामुळे फेब्रुवारी ते मे या काळात डोकं, कपाळ आणि मान एकदम खाजायला लागली, तर काय खाल्लं ते नंतर विचारा, आधी काय काम केलं ते विचारा. डोक्याला टापसा बांधून काम करा, तो टापसा रोज धुवा आणि चीक पडला की चोळत न बसता लगेच साबणपाण्याने धुऊन टाका.

याच्याच शेजारी बसतो केसांचा रंग. गणपतीच्या आधी घरोघर केस रंगवले जातात आणि गौरी येईपर्यंत कुणाचं तरी डोकं पेटलेलं असतं. काळ्या रंगात बहुधा पॅराफेनिलिनडायअमिन असतं, ज्याला पीपीडी म्हणतात. त्याची ॲलर्जी लावल्याबरोबर दिसत नाही, एक ते तीन दिवसांनी दिसते. शिवाय डोक्याची त्वचा जाड असल्यामुळे तिथे नुसती खाज असते, आणि सूज येते ती पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर, मानेवर. लोक डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातात! मला फार वेळा ऐकू येतं, ‘‘डॉक्टर, मी रंग लावतच नाही, फक्त काळी मेंदी लावते.’’ मेंदीच्या पानांचा रंग तांबूस-नारिंगी असतो. केस काळेभोर करणाऱ्या मेंदीत वरून रसायन घातलेलं असतं, आणि बहुतेकदा ते हेच असतं. दहा वर्षं एकच पाकीट वापरलं म्हणून निर्धास्त राहू नका, ॲलर्जी अकराव्या वर्षीही जडते आणि एकदा जडली की जन्मभर राहते. प्रत्येक वेळी कानामागे थेंबभर लावून 48 तास थांबा. सणाची घाई असली तरी थांबा.

उवांबद्दल बोलताना लोक आवाज खाली करतात. तसं करू नका. उवा अस्वच्छ घरातच होतात असं नाही, त्या स्वच्छ केसांतही आनंदाने राहतात. उडी मारता येत नाही, उडता येत नाही, एका डोक्याला दुसरं डोकं टेकलं की चालत जातात. म्हणून शाळकरी मुली, एका उशीवर झोपणारी भावंडं आणि त्यांना कुशीत घेणारी आजी. खाज मानेच्या वर आणि कानांमागे जास्त असते. ती उवेच्या लाळेची ॲलर्जी असते आणि पहिल्या खेपेला सुरू व्हायला चार ते सहा आठवडेही लागतात, म्हणजे खाज नाही म्हणून उवा नाहीत असं धरता येत नाही. 1 टक्का परमेथ्रिनचं लोशन धुऊन टिपलेल्या केसांना लावून दहा मिनिटांनी धुवायचं, आणि आठ-नऊ दिवसांनी पुन्हा लावायचं, कारण लिखांतून नवी पिल्लं बाहेर आलेली असतात. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा आणि ज्यांना उवा सापडतील त्यांना त्याच दिवशी लावा. इथे मात्र खोबरेल कामाला येतं. केस तेलाने चोपडून बारीक फणीने विंचरले तर उवा निसटत नाहीत. पण रॉकेल नको, आणि बागेत मारायचं कीटकनाशक तर मुळीच नको. रॉकेलने त्वचा भाजते आणि ते पेट घेतं. कीटकनाशक डोक्याच्या त्वचेतून रक्तात जातं आणि मूल दगावू शकतं. हे मी हात जोडून सांगते.

मुलांच्या डोक्यावर गोल चट्टा, त्यात तुटलेले केस आणि काळे ठिपके दिसले तर तो नायटा. खवडे म्हणून त्यावर राख-हळद लावत बसू नका. ही बुरशी केसाच्या मुळात शिरलेली असते, मलम तिथे पोचत नाही. कित्येक आठवडे पोटातूनच औषध द्यावं लागतं. स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबने खाज चार दिवस थांबते आणि बुरशी मोकाट पसरते. कधी तिथे पुवाने भरलेली मऊ सूज येते. गळू समजून ती कापून घेऊ नका, वेळेत औषध मिळालं नाही तर त्या जागी केस पुन्हा येत नाहीत.

जाड, चंदेरी खपल्या, कपाळाच्या केसरेषेबाहेर आलेली ठळक कड, कोपर-गुडघ्यांवर तसेच चट्टे, नखांवर सुईने टोचल्यासारखे खळगे, हा सोरायसिस. तो लागट नाही. ज्याला तो आहे त्याचे केस कापायला कुणी नकार देऊ नये, एवढं तरी गावाने पाहावं.

आणि कधी कधी डोकं अगदी स्वच्छ असतं. खपली नाही, पुळी नाही, उवा नाहीत, तरी खाज झोपू देत नाही. घरचे म्हणतात, मनाचे खेळ. नसतात ते. मधुमेहाने बोथटलेल्या नसा, मानेच्या मणक्यात दबलेली नस, डोक्यावर येऊन गेलेली नागीण, रक्तातलं कमी लोह, थायरॉइड, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार, यांपैकी काहीही असू शकतं. ताणाने खाज वाढते हेही खरं, पण ते निदान बाकी सगळं तपासून झाल्यावरच करावं. म्हाताऱ्या माणसाची अशी खाज दिसली तर शॅम्पू बदलत बसण्याऐवजी आधी साखर तपासा.

एका गोष्टीला मात्र थांबायला वेळ नसतो. खाजेबरोबर आग होते, केस जातात, आणि गेलेल्या जागी त्वचा गुळगुळीत, चकचकीत दिसते, केसांची छिद्रंच दिसत नाहीत. चाईतही केस जातात, पण छिद्रं शाबूत असतात आणि केस परत येऊ शकतात. इथे मुळंच नष्ट होत असतात. गेलेले केस कुठल्याच औषधाने येत नाहीत, राहिलेले वाचवता येतात. असं दिसलं तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

जाताना दोन दिवस आधीपासून डोक्याला तेल लावू नका, नाहीतर आम्हाला तेलच दिसतं. आणि गेल्या तीन महिन्यांत जे जे लावलं, तेल, रंग, शॅम्पू, ट्यूब, शेजारणीने दिलेला काढासुद्धा, त्या सगळ्यांच्या बाटल्या आणि पाकिटं पिशवीत घालून बरोबर आणा. रिकामी असली तरी आणा.